आईच्या हातात काय द्यायचं?

४ फेब्रुवारी

ठरलं! एप्रिलमध्ये आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. भेट मीच शोधली — नेहमीप्रमाणे. मधली म्हणत होती सहल. धाकटा म्हणाला "बघू". त्याचं "बघू" मी तो बोबडं बोलायचा तेव्हापासून ऐकतेय.

तर — मातीचे पुतळे! वीतभर उंचीचे, हाताने घडवलेले, भाजून रंगवलेले. सगळं घर एका पाटावर: बाबा, आई, आम्ही तिघं भावंडं. जावई-सुना वगळल्या. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "वा! सुटलो." म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी

मातीवालीकडे जाऊन आले. टायरच्या दुकानावरची खोली. खाली हवा भरायची फुसफुस, वर ही बाई — केसांत माती, एका हाताने पाव खातेय. त्याच हाताने माझा हात हातात घेतला! फळीवर एक नवरा-नवरी, एक कुत्रा आणि एक टकले डॉक्टर. डोळे रंगवायचे राहिलेले, तरी सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं.

मी नीट समजावलं. मध्ये खुर्चीत बाबा. मागे आई. बाबांच्या उजव्या हाताला मी, थोरली म्हणून. बाकीची दोघं मावतील तिथे.

"आईंच्या हातात काय?"

"म्हणजे?"

"हात कसे ठेवू? काय करत असतात त्या?"

"काही नाही. घरीच असते."

"मग रिकामे ठेवते."

असं कसं! म्हटलं, विचार करून कळवते.

१० फेब्रुवारी

तिला फोटो हवेत म्हणून सगळे अल्बम उपसले. आईचा एकटीचा एक फोटो धड नाही. एकात अर्धी, एकात पाठमोरी, बाकीच्यांत नाहीच — फोटो तीच काढायची. सगळ्या सहलींत बाबांचं डोकं का उडवलेलं असतं, ते आज कळलं.

मातीवाली म्हणाली, "राहू द्या. घरी येऊन बघते त्यांना."

१३ फेब्रुवारी

बाबा सकाळपासून कोट घालून बसले होते. मातीवालीने त्यांना पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं, म्हणाली "झालं तुमचं", आणि स्वयंपाकघरात आईपाशी जाऊन बसली. ती बसली ती बसलीच.

संध्याकाळी बाबांचा फोन. "ती बाई अजून गेली नाही!"

"असू दे हो."

"आणि तुझी आई हसतेय!"

"कशाला?"

"तेच तर विचारतोय!"

२० फेब्रुवारी

मातीवाली वैतागली. "तुमच्या घरातून रोज कुणाचा ना कुणाचा निरोप येतो. एकदा काय ते ठरवा."

खोदून विचारलं, तर एकेकाचे प्रताप! मधलीला कंबर हवीय. धाकट्याला केस. बाबांनी फोन करून सांगितलंय — छाती भरदार, आणि उंची आईपेक्षा जास्त दिसली पाहिजे. (आई दोन बोटं उंच आहे. घरात हा विषय काढायचा नसतो.)

काय ही माणसं! देवाने दिलंय ते आहे, त्यात लाजायचं काय? मी फक्त हनुवटी एकच ठेवा एवढं सांगितलं होतं. तेही पहिल्याच दिवशी.

२ मार्च

आई परत मातीवालीकडे गेली. म्हणे, बघून घडवायचं तर समोर बसावं लागतं. पुतळा करताहेत की स्मारक? परवा आली तेव्हा नखांत माती.

"तिथे बसून काय करतेस?"

"बसते."

बाबा म्हणतात घर वाऱ्यावर सोडलंय. मधली हळूच म्हणाली, "ताई, आई थोडी स्वार्थी होत चाललीय का गं?" म्हटलं, वय झालं की होतं.

११ मार्च

कच्च्या पुतळ्यांचे फोटो आले. ग्रुपवर नुसता हलकल्लोळ!

आई मागे उभी नाहीच. खाली बसलीय! पाय लांब पसरून, हात मागे टेकून, मान वर. काही म्हणजे काही करत नाहीय! बाबांनी लिहिलं, "ही कोण?" धाकटा म्हणाला, आई अशी बसलेली मी जन्मात पाहिली नाही. मधली रडली.

लगेच फोन लावला.

"त्यांनी विचारलं, कशी बसू," मातीवाली म्हणाली. "मी म्हटलं, बरं वाटेल तशी. अशा बसल्या."

"पण ती अशी नाहीये हो!"

"दुपारभर होत्या."

हिच्यापुढे डोकं आपटून काय उपयोग.

१२ मार्च

ग्रुपवर मत घेतलं. उगाच कुणी म्हणायला नको, ताई हुकूम सोडते. आईच्या हातात काय द्यायचं? बाबा — चहाचा ट्रे. मधली — नातवंड (तिचंच). मी — पुस्तक. मावशी सांगायची, लग्नाआधी आई फार वाचायची. धाकटा — बघू. मग मधलीने नातवंड मागे घेतलं, कारण दुसऱ्याला वाईट वाटेल, मत ट्रेला दिलं, आणि ट्रे जिंकला. मीही मोठ्या मनाने मान्य केलं.

आई त्या ग्रुपवर नाही. तिला कळता कामा नये ना! (ती स्वतःच मातीवालीकडे रोज जाते हे खरं. पण ट्रेचं तरी!)

१९ मार्च

बाबा फुटले!

भट्टीत. मातीवालीचा फोन आला. छाती आतून पोकळ ठेवायला हवी होती. भरीव राहिली, आत ओल कोंडली, आणि फाट! एक तुकडा उडून धाकट्याचे केस गेले. माझी हनुवटी वाचली.

मी फैलावर घेतलं. "तुम्ही एवढ्या कसलेल्या, आणि ही चूक?"

ती म्हणाली, "तो मी नव्हता केला. तुमच्या आईंनी केला होता. मी सांगितलं होतं, पोकळ करा. त्या म्हणाल्या, ह्यांना पोकळ छाती चालायची नाही."

आई पुतळे करते! आम्हाला पत्ता नाही!

बाबांना सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. वाटलं, आकाशपाताळ एक करतील. तर एकदम बारीक आवाजात, "मला तिने केलं होतं?"

"हो."

"बरा झालो होतो का गं?"

फोटोत पाहिलेले ते बाबा आठवले. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसलेले — अगदी तसेच. "हुबेहूब," म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

२४ मार्च

शेवटी सोक्षमोक्ष लावायला गेले. बघते तर आई बाह्या वर सारून मातीचा गोळा टेबलावर दाणदाण आपटतेय. मातीवाली कोपऱ्यात कुणाच्या तरी कुत्र्याला शेपूट लावत होती.

"आई!"

"आलीस? त्या स्टुलावर बसू नको, ओलं आहे."

"हे काय चाललंय?"

"हवा काढतेय. मागच्या वेळी घोटाळा झाला."

ट्रेचं कसं काढावं कळेना. मग काढलंच. तिने आपटणं थांबवलं. "कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी मिळून."

"सगळ्यांनी," आई म्हणाली. मग कपाळावरचे केस कोपराने मागे सारले. "बरं. ट्रे घालते."

इतकं सोपं! मी उगाच बारा दिवस धास्तावले होते. आईला फक्त नीट सांगावं लागतं.

६ एप्रिल

सोहळा पार पडला. हॉल भरलेला. भाषण मी केलं. सगळे म्हणाले छान झालं. धाकटा म्हणाला लांबलं. मग आईबाबांनी मिळून कापड उचललं.

पाटावर खुर्चीत बाबा. उजव्या हाताला मी, एका हनुवटीची. मधली कंबरेसकट, धाकटा नव्या केसांसकट. आणि आई पुढ्यात, पाय पसरून, हात मागे टेकून. जशीच्या तशी!

ट्रे होता. बाबांच्या हातात!

कपबशीसकट. खुर्चीतून जेमतेम अर्धे उठलेले, चहा सांडेल की काय म्हणून तोंड वाकडं.

मग आईची एक जुनी मैत्रीण खुदकन हसली आणि अख्खा हॉल सुटला. टाळ्या काय, फोटो काय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा लाल. मला वाटलं आता पाट उलटा करतात. पण त्यांनी चष्मा पुसला, वाकले, आणि तो वीतभर म्हातारा कितीतरी वेळ बघत राहिले.

"कप मात्र छान जमलाय," आईला म्हणाले.

आई म्हणाली, "हो ना?"

लोक म्हणत होते, काय जोडा आहे! पन्नास वर्षांनीही थट्टा चालते! मीही मग तसंच म्हणायला लागले. भेट माझीच कल्पना होती ना.

९ एप्रिल

सकाळी बाबांचा फोन. "आई गेली." मी ह्यांना हाका मारायला लागले! मग म्हणतात, जिवंत आहे. एक बॅग घेऊन गेली. टायरच्या दुकानामागची खोली घेतलीय.

तिला फोन लावला. "भांडलात का?"

"नाही गं. चहा पिऊनच निघाले."

"मग असं काय झालं?"

"पन्नास वर्षं पूर्ण केली ना? झालं तर मग."