बघायला पाहुणे आले अन् पोरगी कलकत्त्याला

सगळ्यात आधी दारात आली ती परतूरची चतुराबाई, तुझ्या बापाची मावसबहीण. पायातल्या चपला काढायची बी शुद्ध न्हाई, उंबऱ्यातूनच वरडली, "मावशी, पोरीला जल्दी साडी नेसवा, पाहुणे एस्टी स्टँडावर चहा पिऊन राह्यले!" म्या म्हणलं, कोणत्या पोरीला? तर म्हणती, "तुमच्या घरात काय पोरींचा बाजार भरला का? आपल्या बेबीनंदाला!" म्या म्हणलं, अगं येडे, बेबी शिकायला कलकत्त्याला गेली, तिच्या मागून पोळा बी होऊन गेला. तशी ती मटकन खाली बसली. (बसली ती नेमकी वाळू घातलेल्या मुगाच्या शेंगांवर. तिच्या वजनानं निम्म्या शेंगा तिथंच फुटल्या, तेवढं बडवायचं काम वाचलं.) मंग रडवेली होऊन म्हणली, "एवढी पोरगी देश सोडून गेली अन् आत्याला कोणी दोन ओळी लिहू ने?" आता यात तिचं बी खोटं न्हाई. उन्हाळ्यात एका लग्नात तिनं तुझ्या बापापाशी या स्थळाचा इशय काढल्ता, बाप बघू म्हणला अन् इसरला, ती इसरली न्हाई.

थांब बाय, सांगायच्या घाईत जय भीम करायचाच राह्यला. तर बेबीनंदाला तिच्या आजीचा भोकरदनहून जय भीम अन् पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत कशी हाय? तिकडचं पाणी मानवलं का? केस गळत असतील तर पाण्याचा दोष समजायचा, डोक्याचा न्हाई. इकडं यंदा मूग बरा आला, म्हैस व्याली, तुझी माय बराबर हाय. तुझं पत्र तुझ्या बापानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मंग ते मी उशाशी नेऊन परत सोता वाचलं, कारण तुझा बाप मास्तर असून बी मधल्या मधल्या ओळी गिळतो. अन् गिळल्या त्या नेमक्या तू रडलीस त्या. दोन टाइम भात, भातावर मासा, माशात काटे, मला इथं करमत न्हाई आजी, सुट्टीत घरी आले तर परत जायला पाय निघायचा न्हाई, हे सगळं त्यानं गिळलं अन् "बाकी मजेत" एवढंच वाचलं. काट्याचं वाचून मला लई वाईट वाटलं. आपल्याकडं भाकरीत एक खडा लागला तर सैपाक करणारीचा उद्धार होतो, अन् तिकडं म्हणे एवढाले काटे ताटात वाढतात अन् खाणारा वाढणारीला शाबासकी देतो.

अन् त्या दगडाचं मनावर घेऊ नको. तुझ्या पेटीत म्या खल अन् बत्ता ठिवल्ता हे कोणाला बोलले न्हाई, हे बराबर केलं न्हाई. पर चटणी कुटायची कशात? तुझा बाप अजून फुगून बसलाय. म्हणतो, मनमाडला छोटी गाडी सोडून मोठी धरायची तवा हमाल म्हणला, मास्तर, पेटीत दगडं भरली का काय? तर तुझा बाप चारचौघांत त्याच्यावर वरडला, "पोरीची पुस्तकं हायत, इल्म हाय इल्म!" (हावड्याला पेटी उघडली तवा समजलं का हमालाचं बराबर होतं.) आता तो चावडीवर त्या हावड्याच्या पुलाची गोष्ट सांगतो, रस्त्याच्या मधून चालणाऱ्या रेल्वेची सांगतो, पर दगडाची सांगत न्हाई. ती म्या सांगितली.

तू गेल्यापून तुझी माय रोज एक भाकरी जास्तीची थापती. थापून झाल्यावर तिच्या ध्यानात येतं. मंग ती माझ्याकडं बघती, मी म्हणते राहू दे, म्हैस खाईल. म्हैस आता दाराकडं बघूनच वरडती.

तर पाहुणे. अप्पाराव अन् त्याची बायको पुष्पाबाई, परतूरकडचे. कापसाची जमीन हाय, पोरगा देवानंद, परभणीला सरकारी नोकरी. त्याला रजा भेटली न्हाई म्हणून दोघं माय-बापच आल्ते. पोरगी घरात न्हाई हे ऐकल्यावर कोणी बी तोंड वाकडं केलं असतं. पर अप्पाराव हसून म्हणला, "पोरगी न्हाई तर न्हाई, पोरीचे माणसं तर हायत. माणसं बघू." एवढ्यात तुझा बाप शाळेतून आला, सगळं ऐकलं, अन् त्याचं तोंड असं उजळलं का म्या मनात म्हणलं, झालं, बेबीचं एम.एस्सी. चुलीत गेलं. म्हणून म्या तिथंच ठरवलं का पाहुण्यांना नाराज करून वाटंला लावायचं. मला काय, जल्मात कोणाला नाराज केलं न्हाई असं थोडंच हाय?

पैलं काम केलं ते तुझा फोटो दडवायचं. बाबासाहेबांच्या फोटोखाली तुझा तो बी.एस्सी.चा, काळ्या झग्यातला, चौकोनी टोपीचा टांगलाय न्हाई का, तो पदराखाली घेतला अन् आतल्या खोलीत ज्वारीच्या कोठीत खुपसला. दुसरं ठरवलं सैपाक बिघडवायचा. तुझ्या मायनं येसराची आमटी केल्ती. ती पाणी आणायला गेली तवा म्या मुठीत मीठ घेऊन पातेल्यापाशी उभी राह्यले. बाय, हात खाली जाईना. एवढ्या लांबून आलेलं माणूस, आधी रेल्वे, मंग एस्टी, उपाशी पोटी, त्याच्या ताटात खारट वाढायचं? मीठ परत बरणीत टाकलं. उलटं तूप काढून आणलं. (चांगलं कढवलेलं, तुझ्यासाठी ठिवल्तं ते. संपलं.) पुष्पाबाईनं मायला उठू दिलं न्हाई, सोता भाकरी वाढल्या, अन् माझे दात न्हाईत हे बघून माझी भाकरी आमटीत कुस्करून दिली. सांग आता, अशा बाईला नाराज कसं करायचं?

तरी म्या सोडलं न्हाई. म्हणलं, बाई, आमची पोरगी घरकामाची न्हाई. ती किडे शिकती. दिवसभर अळ्या हातात घेऊन बसती, त्यांचे पाय मोजती, बाटलीत भरून उशाशी ठिवती. पुष्पाबाईनं पदर तोंडाला लावला, म्या म्हणलं जमलं. तर अप्पाराव ताटावरून सरळ झाला अन् म्हणला, "कापसाच्या अळीचं कळतं का तिला?" म्या म्हणलं, कळतं म्हणजे? आपल्या वावरातल्या बोंडावरची अळी बघून तिचं अंडं कधी घातलं, तिचं पाखरू कधी होईल, सगळं सांगती. माझ्या तोंडाला आवरच बसंना. तो म्हणला, "मास्तर, आमच्या पंचक्रोशीत अशी सून कोणाकडं न्हाई!" तुझा बाप आमटी वरपायची सोडून मला बघून राह्यला, म्हणजे मी आज एवढी शहाणी कशी.

तिथं बी निभावलं असतं. पर चतुराबाईला गप बसवलं असतं तर ती चतुराबाई कशाची? ती म्हणली, "शिकलेल्या पोरी दिसायला चांगल्या राहत न्हाईत, डोळे खोल जातात, पर आपली तशी न्हाई." पुष्पाबाई म्हणली, "असू द्या हो, दिसण्याचं काय घेऊन बसलात, कशी बी असली तरी चालंल." कशी बी! बेबे, माझं डोकंच फिरलं. म्या उठले, आतल्या खोलीत गेले, ज्वारीच्या कोठीत खांद्यापस्तोर हात घातला, फोटो काढला, लुगड्यानं पुसला अन् तिच्या मांडीवर नेऊन ठिवला. घे म्हणलं, बघ कशी बी. फोटोच्या कडंत ज्वारी अडकल्ती, ती एक एक दाणा खाली पडून राह्यली. पुष्पाबाई म्हणली, "पोरगी वकील हाय का?" मंग म्या त्या झग्याचं सगळं सांगितलं, तो झगा कोणाला बी घालू देत न्हाईत, आपल्या वस्तीत हा पैलाच, आता कलकत्त्याला याच्याहून लांब झगा भेटणार हाय. तुझं पैल्या वर्गात पास होणं सांगितलं, परीक्षेच्या वक्ताला ताप असून पेपर दिला ते सांगितलं. मी बोलत गेले अन् ती ऐकत गेली, अन् शेवटी तिनं फोटो छातीशी धरला अन् म्हणली, "आजी, ही पोरगी आम्हाला पाह्यजेच." म्या तुला सांगते, लोक लई चांगले हायत. हेच तर वाईट झालं. वाईट असते तर एका शब्दात हाकलले असते.

म्या विचारलं, लग्नानंतर शिकू देताल का? अप्पाराव म्हणला, "परभणीला बी कॉलेज हाय की, होईल तसं बघू." होईल तसं. पुष्पाबाई तर माझा हात हातात घेऊन लई मायेनं म्हणली, "झालं तेवढं शिक्षण लई झालं आजी. सून घरात अन् पुस्तक फळीवर, दोन्हीचा मान राह्यला." तिनं काही वंगाळ म्हणून बोललं न्हाई. तिच्या घरात अशी फळी बी नसंल, ती करून घेईल, पुस्तकं रोज पुसून ठिवील. पर फळीवरच. तुझा बाप म्हणला, दुर्गापूजेच्या सुट्टीत पोरगी घरी येणारच हाय, तवा या, बघा, तिथंच साखरपुडा उरकून टाकू. चतुराबाईनं टाळी वाजवली. म्या उठून म्हशीला भाकर टाकायला गेले.

तरी चि. बेबीनंदा हिने सुट्टीत अवश्य घरी यावे. आम्ही सर्व आतुरतेने वाट पाहत आहोत. स्थळ उत्तम आहे. मुलगा निर्व्यसनी आहे. तुझे वडील साहेबराव हे फार विचारी आहेत व ते करतील ते तुझ्या हिताचेच असेल. कळावे.

तुझी आजी,
कौसल्याबाई

ता. क. — वरच्या पाच-सहा ओळी लिहिल्या तवा तुझा बाप मागं उभा राहून सांगून राह्यला होता. आधीची पानं म्या मांडीखाली दडपल्ती. आता तो शाळेत गेला. त्या ओळी खोड, न्हाई खोडल्या तरी चालंल, मानू नको म्हणजे झालं.

अजून ता. क. — बापावर रागवू नको. त्याला वाटतं एवढ्या लांब पोरगी एकटी रडती, त्यापरीस घराजवळ सुखात राहील. गिळलेल्या ओळी त्याला बी पचल्या न्हाईत. लग्न करू नको असं माझं म्हणणं न्हाई. शिक्षण पुरं कर, तवर तो देवानंद थांबला तर त्याच्याशीच कर, थांबला न्हाई तर त्याचं नशीब. पर आत्ता आलीस, अन् पुष्पाबाईनं तुझ्या तोंडावरून एक डाव हात फिरवला, अन् मायनं गरम भाकरी दिली, तर तू परत त्या काट्यांकडं जाणार न्हाईस. मी तुला वळखते. मी बी तुला जाऊ देणार न्हाई, हे त्याहून वाईट. म्हणून लिहिते, येऊ नको. ती संगं राहणारी बंगालीण तिच्या घरी सणाला बोलावती असं तू लिहिलंस, तिच्याकडं जा. तुझं डोकं विंचरायला मिळंल म्हणून मी नवी फणी आणल्ती. राहू दे, फणी काय शिळी होत न्हाई.

शेवटचं ता. क. — तू येत न्हाई म्हणलीस का तुझा बाप तार करील, आजी लई बिमार हाय, तोंड बघायला ये. तार इंग्रजीत असती, तिच्यात कोणी बी कोणाला बिमार पाडू शकतं. मी ठणठणीत हाय. खरंच बिमार पडले तर मीच माझ्या हातानं लिहीन, अन् माझं वाकडं अक्षर दिसल्याबिगर तू हालू नको. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता म्या तुझ्या पाकिटावरून नक्षीसारखा गिरवलाय, एखादी वेल चुकली असंल तर पोस्टमन संभाळून घेईल. पत्र पोचलं का बापाला लिही, परीक्षा हाय, येता येत न्हाई. पाहुण्यांचं मी बघते, आमटी परत चांगलीच करावी लागंल, दुसरं मला जमत न्हाई. ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं येतो म्हणून गेलेत.