चाळिसावं पीस

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझी आई माझ्यासमोर खुर्ची टाकून बसली आहे आणि पत्र पुरं झाल्याशिवाय उठणार नाही म्हणते. फोन सोडून लिहायला का बसलो, ते शेवटी सांगतो.

परवा तुझा फोन आल्यापासून दुकानात माझं लक्ष नाही. केस कापताना शाळेतल्या मास्तरांचा एक कल्ला वर गेला, एक खालीच राहिला. बिचारे आरशात बघून एवढंच म्हणाले, की पोरीचं काही बिनसलंय का? तुझ्या डायनासोरचं चित्र आरशाशेजारी लावल्यापासून सगळ्या गिऱ्हाइकांना तुझं काम पाठ झालंय. नवा कोणी खुर्चीत बसला, की मी मानेला टॉवेल गुंडाळता गुंडाळता सुरू होतो. दगडात दबलेल्या पिसातसुद्धा रंगाचे बारीक कण टिकून राहतात. लांबुळके असले तर पीस काळं, गोल असले तर तांबूस, आणि मुळीच नसले तर बहुधा पांढरं. तसेच कण आजच्या पक्ष्यांच्या पिसांत असतात, त्यांच्याशी ताडून बघायचं. एका कॉलेजकुमाराने तर तुझ्या डायनासोरच्या तुऱ्याचाच तांबूस रंग डोक्याला मागितला. मी दिला. त्याचे वडील तेव्हापासून दुकानाची पायरी चढलेले नाहीत.

आणि अशी माझी पोर परवा फोनवर रडली. चाळीस पाकिटांत आजच्या पक्ष्यांची पिसं. रंग दुसऱ्याने लिहून ठेवलेला, तू फक्त यंत्रातलं बिनरंगी चित्र बघून रंग ओळखायचा. एकोणचाळीस बरोबर आले. चाळिसाव्यात एकही कण दिसला नाही, म्हणून तू पांढरं म्हणालीस, आणि पाकिटातून निघालं काळंकुळकुळीत पीस. तेही आपल्या कावळी कोंबडीचं, मीच पोस्टाने पाठवलेलं. शुक्रवारी तुझ्या गाईड मॅडमना सांगून सगळं मागे घेते म्हणालीस, तीन वर्षांचं काम. "बाबा, घरच्याच कोंबडीने घात केला," असं म्हणालीस. आई माझ्याकडे बघत होती. त्या नजरेसमोर मला जेवण गेलं नाही.

कावळीला तू मांडीवर घेऊन अभ्यास करायचीस. इतिहासाच्या सनावळ्या तुझ्याआधी तिलाच पाठ झाल्या असतील. तुला बाहेरून हाक मारली, तर आधी तिचंच डोकं दारातून डोकावायचं. शहरात गेल्यावरही दर रविवारी तू आधी तिची चौकशी करायचीस, मग माझ्या गुडघ्यांची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, थोडंसंच वाटायचं.

तर ऐक. चार वर्षांपूर्वी, तू मुलाखतीला गेली होतीस त्या आठवड्यात, कावळी गेली. सकाळी उठलीच नाही. मागच्या अंगणात, तू अभ्यासाला बसायचीस तिथेच तिला पुरलंय. तुला कसं सांगणार? मुलाखत झाल्यावर सांगू म्हटलं, मग तू निवड झाल्याच्या आनंदात होतीस, मग सुट्टीला यायला निघालीस. माझी तंतरली. बाजारात काळी कोंबडी मिळेना. शेवटी तेवढ्याच अंगापिंडाची पांढरी आणली आणि दुकानातला ब्रश आणि काळ्या रंगाची वाटी घेऊन मोरीत बसलो. खरं सांगतो, माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांपेक्षा ती शहाणी, मान हलवत नाही. कावळी मला विसरली, असं तू म्हणालीस, तेव्हा वय झालं की होतं तसं, असं मी ठोकून दिलं. एक खोटं निभवायला दर सुट्टीत नवा हात मारावा लागला. तू पीस मागितलंस तेव्हाही वाटलं, गिऱ्हाइकांच्या बायकांना माझा रंग ओळखता येत नाही, तिथे यंत्राला काय कळणार. मुलगी रंग शोधते आणि बाप रंग लपवतो, हे आईचं वाक्य आहे, ती चार वर्षं ऐकवते आहे.

चुकलो, बाळा. कावळीसाठी तुला रडूसुद्धा दिलं नाही मी. फोनवर सांगितलं असतं तर मॅडम म्हणाल्या असत्या, बाप लेकीला सावरायला काहीही बोलेल. म्हणून हे लेखी. खाली माझी सही आहे, साक्षीदार म्हणून आईची. कुरियर बुधवारी पोचेल. सोबतच्या पहिल्या पाकिटात त्याच कोंबडीचं नवं उगवलेलं पीस आहे, ब्रश न लागलेलं, पांढरंशुभ्र. दुसऱ्या पाकिटातला केस माझा. तोही काळा दिसला तरी यंत्राखाली घाल. तू यायच्या आदल्या दिवशी कोंबडीनंतर माझाच नंबर लागायचा, बाप म्हातारा झाला म्हणून तू काळजी करशील ना. आता पुढच्या सुट्टीत दारात दोन पांढरे उभे दिसतील, ओळख ठेव. आणि शुक्रवारी काही मागे घेऊ नकोस. तुझी चाळीसच्या चाळीस उत्तरं बरोबर आहेत, खोटा फक्त तुझा बाप निघाला.

तुझाच, रंगेहाथ सापडलेला,
बाबा