ढब्बूच्या पट्ट्यावरचा नंबर

दि. ९ सप्टेंबर, दुपार

प्रिय छकुले,

अनेक आशीर्वाद. जेवतेस ना वेळेवर, का अजून उभ्या उभ्याच काहीतरी तोंडात टाकून कामावर पळतेस? आम्ही बरे आहोत. तू आमच्या गळ्यात घालून गेलेली दोन जनावरंही बरी आहेत, जरा जास्तच.

फोनवर दर वेळी तुझं एकच, "आई, प्राण्यांची पिशवी भरलीस का?" तर बाईसाहेब, भरली. दाराशी खुंटीवर टांगली आहे. हवाबंद डब्यात दोघांचं कोरडं खाणं आहे, पाण्याच्या बाटल्या आहेत, ढब्बूच्या कानाचं औषध आणि लसीचे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेत. जुनी चादर वरून कोंबली. जनावरं आपलीच आहेत हे दाखवायला दोघांबरोबर माझा फोटो ठेव म्हणालीस, तोही ठेवला. ढब्बू त्यात देखणा आलाय, मी मात्र चोरी करताना पकडल्यासारखी दिसते.

मांजराचं काय सांगू! बाबांनी तिचं नाव 'सासूबाई' ठेवलं ते उगाच नाही. पहिल्यांदा पिंजऱ्यात घालायला गेले तर माझे दोन्ही हात ओरबाडून काढले. मग तू सांगितलंस तसं पिंजरा उघडाच ठेवला, आत तिचं फडकं आणि खाणं. आता दिवसभर तिथेच लोळत असते आणि बाहेर काढायला गेलं की पंजा उगारते.

नदी अजून उतरलेली नाही. धरणातून पाणी सोडलं की भोंगा वाजतो आणि आमच्या खालच्या गल्लीतल्या लोकांनी टेकडीवरच्या शाळेत जायचं असतं. तिथे पिंजरा नसेल, पट्ट्यावर फोन नंबर नसेल, तर जनावराला आत घेत नाहीत. म्हणून चावीवाल्याकडून दोघांना माझ्या नंबराचे बिल्ले करून घेतले. कामंही वाटून घेतली. पिशवी आणि सासूबाई माझ्याकडे, ढब्बू बाबांकडे. घरातल्या घरात तालीमसुद्धा केली, आणि बाबा भोंग्याचा आवाज काढायचे तेव्हा ढब्बू त्यांच्यावरच भुंकायचा.

इथपर्यंतचं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं नाही सांगता येत. फोन आला की बाबा शेजारी येऊन बसतात. आत्ता ते झोपलेत.

मंगळवारी भोंगा खरोखर वाजला. घाबरू नकोस, पाणी पुलापाशी थांबलं, घरात आलं नाही. बाबा ढब्बूला घेऊन पुढे निघाले. मी गॅस, खिडक्या, दारं बघून मागून गेले. शाळेत पोचले तर दोघांचा पत्ता नाही. एकेका वर्गात शिरून शोधलं, फाटकाशी उभ्या असलेल्या माणसालाही विचारलं. बाहेर रस्त्यावर पावसाचं पाणी वाहत होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"अहो बाई, तुमचा कुत्रा हरवलाय का? माझ्यापाशी आहे. पट्ट्यावर तुमचा नंबर दिसला. काळजी करू नका, गरीब आहे बिचारा."

छकुले, तो आवाज तुझ्या बाबांचा होता.

लग्न झाल्यापासून या माणसाने मला 'अगं'शिवाय हाक मारलेली नाही. मी ओरडले, "अहो, मी बोलतेय!" तर म्हणतात, "हो, पण तुम्ही कोण? कुत्रा तुमचाच ना?" मग मला काय सुचलं कोण जाणे, मी परक्या बाईसारखी बोलले. "उपकार झाले तुमचे. मी न्यायला येते. तुम्ही तिथून हलू नका."

"नाही हलत," म्हणाले. "मुक्या जनावराला टाकून कुठे जाऊ?"

औषधाच्या दुकानातून फोन केला होता. दुकानदाराने पत्ता सांगितला. सासूबाईंना शाळेतच एका बाईंच्या हवाली करून मी धावले. दुकानाच्या पायरीवर बाबा बसले होते, स्वतःचा रेनकोट ढब्बूच्या अंगावर घालून, स्वतः चिंब. दोरी माझ्या हातात दिली आणि मला झापलं, "असल्या दिवसांत जनावर मोकळं सोडतात का?" मी म्हटलं, चुकलं. त्यांना म्हटलं, "टेकडीपर्यंत सोबत येता का?" आले. चढावर मध्येच थांबून म्हणाले, "अगं, पिंजरा कुठाय? सासूबाईंना विसरलीस की काय?" मला हसू आलं, आणि मग रडू काही आवरेना.

वर्षभर हे थोडं थोडं चाललंय. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. तुला कळवायचं नाही अशी बाबांनी मला शपथ घातली होती. "पोर नोकरी टाकून येईल," म्हणायचे.

काल मी चावीवाल्याकडून तिसरा बिल्ला करून आणला आणि लपवायच्या आतच त्यांनी पाहिला. आता घर डोक्यावर घेणार असं वाटलं. त्यांनी उलटसुलट करून वाचला. एका बाजूला त्यांचं नाव, माझा नंबर. म्हणाले, "लसही टोचून आणतेस का?" आम्ही दोघंही खूप हसलो. मग त्यांनी मागची बाजू बोटाने चाचपून पाहिली. शेवटी बिल्ला माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मागची बाजू कोरीच आहे. तिथे छकुलीचा घाल. तुझा लागला नाही तर?"

म्हणजे शपथ त्यांनीच सोडवली. आज सकाळी तुझा नंबर घालून आणला.

तेव्हा कधी अनोळखी नंबरावरून फोन आला तर उचल. 'अहो बाई' म्हणतील. कुत्रा सापडलाय म्हणतील, नाहीतर आणखी काही. 'बाबा, मी आहे' म्हणून रडत बसू नकोस, त्याने ते बावरतात. एवढंच म्हण, मी न्यायला येते, तुम्ही तिथून हलू नका. ते थांबतात. शब्द दिला की थांबतात, ते अजून विसरलेले नाहीत.

पण बाळा, जमलं तर फोन यायच्या आधीच ये. अजून ते दाराकडे बघून तुझं नाव घेतात.

अजून तरी त्यांची 'अगं' असलेली,
तुझी आई