क्लिनरची वाट

पांढरकवडा, २० नोव्हेंबर १९६१

ह्यांची गाडी काल आदिलाबादच्या अलीकडे नाल्यात गेली. युसूफभाई शाळेत आले सांगायला. ते दुसऱ्या ट्रकवर ड्रायव्हर, ह्यांचे जुने सोबती. वर्गाच्या दारातूनच म्हणाले, "भाभी, जिंदा हाये. डोक्याले मार लागला. नागपूरले नेलं." पुढचं काही ऐकू आलं नाही. हातात खडू तसाच.

नागपूरला नेलं म्हणजे इथूनच नेलं. आपल्याच रस्त्यावरून. आम्ही झोपलो होतो.

उद्या सासूबाईंना घेऊन निघते. क्लिनरला शेजारच्या गंगाबाईवर सोपवते. पायात काटा मोडला म्हणून ह्यांनी त्याला या खेपेला नेलं नाही. "लेका, तुले सुट्टी. आराम कर." नाही तर हा कुत्रा बाजूच्या सीटवर बसल्याशिवाय ह्यांची गाडी हलत नाही. नाव म्हणूनच क्लिनर.

२ डिसेंबर

परत आले. शाळेनं आणखी रजा दिली नाही. सासूबाई तिथंच राहिल्या. हे डोळे उघडतात, बघतात, मिटतात. मी खाटेशी उभी, तर नजर माझ्या मागच्या भिंतीवर.

क्लिनर वाळून गेला. मला पाहून अंगावर उड्या मारल्या, मग माझ्या मागं पाहिलं, मग गल्लीच्या तोंडापर्यंत पळत जाऊन आला. मोटारीत कोणी मागं राहिलं असेल असं वाटलं असावं. मग माझे हात हुंगले, लुगडं हुंगलं, पिशवी हुंगली. पिशवीत ह्यांचा सदरा होता, धुवायला आणलेला. त्याला औषधाचा वास. तो काढून त्यावर तोंड ठेवून पडला.

सदरा धुतला नाही. धुववत नाही.

१५ डिसेंबर

क्लिनर रोज सडकेवर जातो. ट्रक थांबतात त्या चहाच्या हॉटेलापाशी. हॉटेलवाला म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमचं कुत्रं लय हुशार. नागपूरकडच्या गाडीकडं ढुंकून पाह्यत नाही. हैदराबादकडून आली का उठून उभं राह्यते."

बरोबर आहे. हे त्या बाजूला गेलेले त्यानं पाहिले. परत त्याच बाजूनं येणार. मालक आता उलट्या दिशेला आहेत हे त्याला कोण सांगणार. मी गळ्यात हात घालून सांगून पाहिलं. सडकेवर, चार लोकांसमोर. वेड्यासारखं.

२० जानेवारी १९६२

आज फार वाईट झालं.

ह्यांची गाडी दुरुस्त होऊन आली. शेठनं दुसरा ड्रायव्हर बसवला. मी शाळेतून येत होते, क्लिनर नेहमीच्या जागी. लांबून आवाज आला. मला काय कळतो ट्रकचा आवाज, पण तो थरथरायला लागला. ट्रक थांबायच्या आधीच धावला. ड्रायव्हरनं दार उघडलं तशी सरळ आत उडी, आपल्या सीटवर. शेपटी अशी आपटत होता की बाहेर ऐकू यावी. मग त्या माणसाकडे पाहिलं. मग मागं माल होता तिकडे पाहिलं. पुन्हा त्या माणसाकडे.

उतरेना. भुंकला नाही, चावला नाही, नुसता बसून राहिला. तो ड्रायव्हर भला. म्हणाला, "बसू द्या बाई थोडा वेळ." त्याचा चहा झाला, तंबाखू झाली. शेवटी मी उचलून खाली घेतला. गाडी गेली. तो मागं पळाला नाही. पळाला असता तर बरं वाटलं असतं.

८ मार्च

नागपूरला जाऊन आले. हे आता बोलतात. पाणी मागतात, दुखतं म्हणतात. मी जवळ बसले, म्हटलं, "ओळखलं काय?" तर हसून, "हो ना. बाई." बाई म्हणजे कोण? तिथल्या नर्सला बाईच म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, येईल तेवढं येईल. किती येईल ते विचारलं नाही.

सासूबाईंच्या ओळखीची एक म्हातारी तिथं भेटली. म्हणे अमुक देवीले नवस बोला, पोरगा उठून बसते. सासूबाई म्हणाल्या, "दीक्षा घेतली तईच देव पोचवले व माय. आता काय वापस आनू?" बोलताना आवाज ठाम. पण संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मला म्हणाल्या, "सुमन, मांगाव तं कोनाले मांगाव?" पंचशील म्हटलं दोघींनी. मधेच मी शब्द विसरले.

११ मे

हे घरी आले.

युसूफभाई आपल्या गाडीत घेऊन आले. नागपूरकडून. म्हणून क्लिनर सडकेवर असूनही त्याचं लक्ष नव्हतं. ह्यांना धरून गल्लीत आणलं तेव्हा वारा कुठून आला कोण जाणे, क्लिनर एकदम उठला आणि सुटला. असला आवाज मी कुत्र्याच्या तोंडून ऐकला नाही. भुंकणं नाही, रडणं नाही. पायात घुसला, पालथा पडला, उठला, पुन्हा पडला, मुतला तिथंच. गंगाबाई पदरानं डोळे पुसत होती. युसूफभाई तोंड फिरवून उभे. मला वाटलं आता, आता हे खाली वाकतील.

हे मागं सरले. युसूफभाईंचा हात घट्ट धरला.

"हे कुत्रं कोनाचं हाये? धरा नं त्याले."

सासूबाई म्हणाल्या, "तुहंच हाये बाप्पा." हे आईकडे पण तसंच पाहत राहिले.

२८ मे

शाळेला सुट्ट्या. दिवसभर घरात.

हे खाटेवर बसतात. दिलं तर जेवतात. मला बाई म्हणतात. एकदा विचारलं, "बाई, तुमचे मालक कोठी राह्यते?" मी म्हटलं, बाहेरगावी. दुसरं काय म्हणणार.

क्लिनर हरत नाही. चप्पल आणून देतो, पूर्वी निघताना द्यायचा तशी. हे पाय वर घेतात. तो हळूच पायथ्याशी हनुवटी टेकतो, हे भिंतीला चिकटतात. पूर्वी ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून सगळा प्रवास करायचा म्हणे. आता पायाचा धक्का बसतो आणि तो थोडं अंतर ठेवून बसतो. तिथून बघतो. मीही तिथूनच...

१९ जून

क्लिनर आज पुन्हा सडकेवर गेला.

आधी वाटलं फिरायला. मागं गेले. हॉटेलपाशी त्याच्या जागी बसलेला. हैदराबादकडे तोंड.

मालक घरात आहेत आणि हा मालकाची वाट बघतोय. घरात आलेल्याला त्यानं हुंगून, चाटून, सगळं करून पाहिलं. वास तोच, माणूस नाही. मग ज्याला निरोप दिला तो अजून यायचाच आहे, असं त्यानं ठरवलं असेल. तो ठरवू शकतो. मला तर घरी जाऊन ताट वाढायचं.

हेवा वाटला त्याचा. कुत्र्याचा.

७ जुलै

ह्यांनी क्लिनरला मारलं. तो बाहेरून ओला येऊन अंग झटकत होता, शिंतोडे उडाले, हे दचकले. हाताशी काठी होती. डोळ्याच्या वर लागलं. तो कळवळला पण हलला नाही, मान खाली घालून उभा. हेच रडायला लागले. "घेऊन जा, घेऊन जा त्याले."

सासूबाई म्हणाल्या, "सुमे, एक तं कुत्रं ठेव, नाही तं मानूस."

युसूफभाईंना निरोप दिला.

१० जुलै

युसूफभाई म्हणाले, "मी नेतो भाभी. तो राहीन गाडीत माह्यासंगं. त्याले गाडीच पाह्यजे ना." त्यांनी दार उघडून हाक मारली तसा तो चढून सीटवर बसला. मी हात तोंडाशी नेला तर चाटला. डोळ्यावर खपली. गाडी हैदराबादकडे निघाली, म्हणून त्याला बरंच वाटत असेल. शोधायला नेतायत असं.

घरी आले. हे निजले होते. शांत.

२२ जुलै

शाळा सुरू झाली ते बरं. घर मोकळं वाटतं. खाटेजवळचा कोपरा झाडताना केस निघाले केराबरोबर, पांढरे-तपकिरी.

३ ऑगस्ट

युसूफभाई आले. चहा घेईनात. आदिलाबादला ते खाली उतरले तेवढ्यात क्लिनर खिडकीतून उडी मारून गेला. बाजारात शोधलं, नदीच्या बाजूनं शोधलं, परतीच्या फेरीत सडकेनं हळूहळू गाडी चालवत आवाज देत आले. मधे सगळं जंगल आहे. "मले माफ करा भाभी." त्यांचा काय दोष.

सासूबाई आत, हे खाटेवर. सगळं बोलणं ह्यांच्यासमोरच झालं. ह्यांना कळत नाही म्हणून आम्ही बोलतो आता समोर काहीही.

६ ऑगस्ट

शाळेतून आले तर हे खाटेवर नाहीत. बघते तर दारात, उंबऱ्याच्या आत, उकिडवे बसलेले. सासूबाई म्हणाल्या, दुपारपासून असाच बसून हाये, उठवलं तं उठत नाही.

मी शेजारी बसले. पाऊस लागून होता. हे म्हणाले, "बाई, तो आला नाही आज."

"कोण?"

हातानं जमिनीपासून उंची दाखवली. गुडघ्याएवढी. शब्द शोधत होते, तोंड हलत होतं, सापडला नाही. मी सांगितला नाही. का ते माहीत नाही. तो त्यांनीच काढावा असं वाटलं, आणि काढला तर मी काय उत्तर देणार असंही.

"त्याले लागलं काय?" म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "लागलं थोडं. येईल."

हे मान हलवून पुन्हा गल्लीकडे बघायला लागले. दिवे लागले, जेवण झालं. पाऊस आत येतो म्हणून सासूबाई दार लोटायला गेल्या तर ह्यांनी दाराची फळी धरून ठेवली.