तास्कोची हातोडी

पुएब्ला, मेक्सिको
३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मंगेशदादा माझा अर्धाच निरोप पोचवतो, म्हणून कागदावर लिहितेय. पत्राचा फोटो त्याला पाठवते, तो छापून देईल.

शनिवारी कारखान्याला सुट्टी होती, तेव्हा तास्कोला जाऊन आले. आंबोलीचा घाट डोळ्यांपुढे आणा, प्रत्येक वळणावर पांढरी घरं आणि लाल कौलं बसवा, पाऊस तेवढा काढून टाका. स्पॅनिश लोकांनी चांदीच्या खाणींपायी वसवलेलं गाव. खाणमालकाच्या पैशातून उभं राहिलेलं गुलाबी दगडाचं चर्च अजून दिमाखात आहे. गल्ल्या इतक्या उभ्या की जुन्या पांढऱ्या टॅक्सी धापा टाकत चढतात.

दर दुसऱ्या दारात चांदी. बरीचशी साच्यातली, तुम्ही नाक मुरडलं असतंत. पण वरच्या गल्लीत सोलेदाद नावाच्या सत्तरीच्या बाई एकाच पत्र्यातून हातोडीने ठोकून सूर्याचा मुखवटा उठवत होत्या, कुठे सांधा नाही. मी तासभर उभीच. तुमच्याखेरीज असं काम कुणाचं पाहिलं नव्हतं.

आपल्या देवळासाठी घेतलेला देवीचा चांदीचा मुखवटा कुठवर आला? आईला नमस्कार.

तुमची,
सोनल

मालवण
९ फेब्रुवारी

चि. सोनल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझी आई म्हणते, देवाची पोथीसुद्धा मी इतकी वाचत नाही. त्या बाई ठोकताना पत्र्याखाली राळ घेतात की शिसं? नाक उठवताना फाटत नाही? विचारून कळव.

मुखवटा मी सोडला. हात कापतो. देवळाची समिती आता शहरातून ओतीव मुखवटा आणणार आहे. तुला सांगायचं टाळत होतो.

तू दहा वर्षांची असताना माझ्या शेजारी हातोडी घेऊन बसलीस, तेव्हा ह्या चेडवाचा काम नाय म्हणत, केवळ तू मुलगी म्हणून मी तुला उठवलं होतं. त्या बाईंचं वाचून ते आठवलं. चुकलंच माझं.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझे,
बाबा

पुएब्ला
१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून पुन्हा तास्को गाठलं. राळच वापरतात. नाक एका दमात काढत नाहीत, मधे तीनदा पत्रा तापवून नरम करतात.

मग बाईंनी हातोडी माझ्याच हातात दिली. मी थोडं ठोकल्यावर त्यांनी थांबवून विचारलं की कोणी शिकवलं. कोणीच नाही म्हटलं, तर त्यांना पटेना. दोन हलके, एक जड, हा नवख्याचा ठोका नव्हे म्हणाल्या. तेव्हा कळलं, बाबा. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून तुमचा तो ठोका रोज ऐकत मी खोबरं किसायचे. मग मी उत्तर बदललं आणि तुमचं नाव सांगितलं.

त्यांच्या वडिलांनीही त्यांना शिकवलं नव्हतं. स्वतःचे डोळे गेल्यावर मात्र बाजूला बसून सांगू लागले.

मार्चअखेर इथलं काम संपतं. पुण्याला रुजू होण्याआधी दोन महिन्यांची रजा मागितली, मिळाली. समितीला थांबवा. तुम्ही सांगा, मी ठोकते.

तुमची,
सोनल

मालवण
२५ फेब्रुवारी

चि. सोनल हिस,
अ. उ. आ.

काल समितीपुढे उभा राहून सांगितलं की मुखवटा माझी मुलगी करील. मग एकाचे ओठ हलले. मंगेशने ते मला कागदावर लिहून दाखवलं: देवीच्या कामाला बाईचा हात कसा चालेल?

मी सगळ्यांदेखत विचारलं, देवी तरी काय बापयो आसा?

आधी देवळातला बाळा गुरव हसला, मग बाकीचे. मेअखेरपर्यंत थांबायचं ठरलं.

मी राळ आणि ठोकायची पोलादी कलमं काढून ठेवतो. आल्यावर पहिले पंधरा दिवस तांब्यावर ठोकायचं, चांदीला हात नंतर. बाप शिकवतो म्हणून सूट मिळणार नाही.

लोभ आहेच, आता कामही आहे.

तुझे,
बाबा