विहीणबाईंचा फोटो

प्रिय ठमे,

हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मधेच "आई, ऐक ना" म्हणतेस आणि मग मलाच ऐकावं लागतं. म्हणून लिहितेय. इकडे ठीक आहे. शाळेच्या गणवेशांचं काम उरकत आलंय, मशीनला नवा पट्टा घातला. जिना चढताना तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि उतरताना बाबा कुरकुरतात.

रविवारी तुझ्या घरून आल्यापासून मात्र माझं चित्त थाऱ्यावर नाही. दार उघडलंस आणि समोर भिंतीवर विहीणबाई. इतक्या मोठ्या, की शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या विहीणबाई लहान वाटल्या. अर्धा चेहरा काळोखात बुडालेला, अर्ध्यावर उजेड, गालावरची एकेक सुरकुती कोरून काढल्यासारखी. खोटं कशाला बोलू, फोटो सुंदर आहे. तुझं लग्न ठरल्यापासून मी त्या बाईंना बघतेय, पण त्यांच्या मनात एवढं काही चाललेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी आपली लसूण सोलत बसले होते हो. ही म्हणाली, मान जरा खिडकीकडे करा. केली. आता येणारा-जाणारा इथे थांबतोच." मी "छान आलाय" म्हटलं आणि तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलेच कप पुन्हा धुतले. तू विचारलंस, "काय झालं गं?" मी म्हटलं, "कुठं काय."

काय झालं ते आता सांगते. त्यांच्या डोक्यामागचा तो काळोख मी ओळखला. ती माझ्या दुकानातली काळी मखमल. "उजेड पिऊन टाकेल असं कापड दे," म्हणाली होतीस. मी चांगल्यातल्या चांगल्या ताग्यातलं कापून दिलं, कडा दुमडून शिलाई मारून दिली, आणि मनात म्हटलं, पोरगी फोटोला आधी मलाच बसवणार. कापड माझं, शिलाई माझी, लेक माझी. आणि तोंड कुणाचं, तर विहीणबाईंचं.

घरी येऊन बाबांना म्हटलं, माझा तसाच फोटो काढा. खिडकीला पुठ्ठा लावला, मागे काळं अस्तर टांगलं, मशीनचा दिवा उचलून एका अंगाला ठेवला. बाबा म्हणाले, "हनुवटी वर. आता खाली. आता बोलू नकोस." मी म्हटलं, "मी कुठं बोलतेय?" नेमका तेव्हाच त्यांनी काढला. नाकाची सावली ओठावर पडून चांगली घसघशीत मिशी आली होती. फोन जवळ-लांब करून बघत ते म्हणाले, "तू तुझ्या काकांवर गेली आहेस, हे आज कळलं." त्या संध्याकाळी त्यांना चहा त्यांनीच करून घ्यावा लागला.

तू म्हणशील, आई, तू कधी काढू दिलास का फोटो? बरोबर आहे. कॅमेरा दिसला की माझा हात आपोआप तोंडावर जातो. पुढे आलेल्या दातांवरून शाळेत मला सगळे 'किसणी' म्हणायचे, तेव्हापासूनची सवय. तुझ्या लग्नाच्या फोटोंत मी आहे, पण तोंडाच्या जागी रुमाल आहे. तू एकदा वैतागून म्हणालीस, "आई, तुझा फोटो म्हणजे हाताचाच फोटो," आणि विचारायचं सोडून दिलंस. तुझं काही चुकलं नाही. पण सोडलंस, हे मला लागतं. विहीणबाई एका सांगण्यात मान वळवतात. माझ्यासारखीला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, आणि आपली लेक ते विचारेल अशी आशा मी धरून बसले होते.

आता लिहायला का बसले ते सांगते. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हिरड्या गेल्यात, सगळेच काढावे लागतील. येत्या सोमवारी पुढचे काढणार. मग कवळी येईल, सरळ, एकसारखी. बाबा खूश आहेत. म्हणतात, आता तू मोकळेपणी हसशील. काल मी आरशासमोर हात बाजूला करून हसून पाहिलं. जन्मभर ज्यांचा राग केला ते दात जाणार म्हटल्यावर एकेक करून मोजून घेतले. हे तोंड माझं आहे गं, आणि ते नीटसं कुणीच पाहिलेलं नाही. तू शनिवारी ये. मखमल आण, कॅमेरा आण. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसेन. उजेड कुठूनही टाक, पण काही झाकू नकोस. फोटो मोठा कर, विहीणबाईंच्यापेक्षा बोटभर तरी मोठा. आणि त्यांना बरोबर आणू नकोस. त्यांच्यासमोर मला हसता येणार नाही.

तुझीच,
कुणाची विहीण होण्याच्या कितीतरी आधीपासूनची,
आई