चार नंबरचा तक्ता

२ डिसेंबर
पोचले एकदाची हिंगणघाटला! आमची गुंजन मोठ्या दवाखान्यात लागली, असं आई निम्म्या तळेगावला सांगून मोकळी झाली आहे. मोठा कसला, बारा पाळण्यांचा नवजात बाळांचा कक्ष. पण काय एकेक जीव! कुणी आठव्या महिन्यातलं, कुणी सातव्या. रडतात तेही मांजराच्या पिलासारखं. कौशल्याबाई इथल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. आल्या आल्या त्यांनी माझा हात एका बाळाच्या पोटाला लावला, मग तळपायाला. पोट गरम अन् पाय थंड, म्हणजे लेकरू गारठून राह्यलं. मशीन काही का म्हणेना, असं म्हणाल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला! मला त्या फार आवडल्या.

७ डिसेंबर
प्रत्येक पाळण्याला एक तक्ता अडकवलेला असतो. दर तासाला तापमान घ्यायचं आणि लिहायचं. माझ्यासोबतची मयुरी मात्र सकाळीच दुपारपर्यंतचे रकाने भरून टाकते. पहिल्या दिवशी मी तिला चांगलंच टोचून बोलले. आता मीही भरते. माझं अक्षर तिच्याहून सुरेख, हिरव्या शाईतलं.
इथे बाळांना नावं नसतात, आईच्या नावानं ओळखतात. चार नंबरला सखूचं बाळ, तेराशे ग्रॅमचं. सखू जंगलाकडच्या गोंड वस्तीतली. दूध द्यायला आली की बाळाचे पाय मुठीत धरून बसते. मी तिला नेहमी हसते.

११ डिसेंबर
हे कुठेतरी लिहायलाच हवं.
आज मयुरीचा वाढदिवस होता. केक कापायचा म्हणून मी नऊ वाजताच चार नंबरचा तक्ता दोनपर्यंत भरला. सगळीकडे ३६.८, बाळ स्थिर. बाराला सखू आली. म्हणाली, "बाई, लेकराचे पाय थंडगार लागून राह्यले." मी तक्ता तिच्यापुढे धरला. हे बघ, बाराचं तापमान लिहिलंय, ठीक आहे. तिला वाचता येत नाही. कागद बघून तिनं मान डोलावली आणि निघून गेली.
एक वाजता गेले तर बाळ निळं पडलेलं. वरच्या हीटरची पिन ढिली झाली होती. मी आधी पिन दाबली. मग डॉक्टरांना हाक मारली. लाज वाटते. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१३ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, एवढी लहान बाळं जातात अचानक. तापमान तर शेवटपर्यंत चांगलं होतं. कौशल्याबाईंनी माझा तक्ता सगळ्यांना दाखवला. नोंद ठेवावी तर अशी! मी मान खाली घालून हसले. हसले मी.

१५ डिसेंबर
चार नंबर रिकामा आहे. चादरही काढलेली. तरी तक्त्यावर आजच्या नोंदी आहेत. ८, ९, १० वाजता, ३६.८. बाळ स्थिर. माझं अक्षर, हिरवी शाई. मयुरीनं थट्टा केली असेल म्हणून तिच्यावर ओरडले. ती रडायला लागली. तिनं नाही केलं.
कागद फाडला. अकरा वाजता दुसरा होता, दोनपर्यंत भरलेला.

१६ डिसेंबर
दोन जोड मोजे घातले तरी माझे तळपाय गार. पोट गरम आहे.
परवा सखू मृत्यूचा दाखला न्यायला येणार आहे. तिची सासू तिलाच बोल लावते म्हणे — तुह्या थंड हातानं लेकरू गेलं. सखूलाही तसंच वाटतं. मी तिला सगळं सांगणार. नोकरी गेली तर गेली.

१७ डिसेंबर
वही उघडली तर उद्याचं पान भरलेलं. माझ्याच अक्षरात —
"१८ डिसेंबर. सखू आली. तिला खरं सांगितलं. मन स्थिर."
मी हे लिहिलेलं नाही. मी हे अजून —

१८ डिसेंबर
सखू आली. दाखला हातात घेऊन तिनं विचारलं, "बाई, माह्या हातानंच झालं का वं?" मी तोंड उघडलं. सांगायचं होतं — तक्ता, केक, पिन, सगळं. तोंडातून निघालं फक्त, छत्तीस पॉइंट आठ. बाळ स्थिर होतं.
"म्हणजे माह्याच हातानं," ती म्हणाली. गेली.

वहीतलं ते खोटं पान फाडलं. पुन्हा आहे. मन स्थिर.
गुडघ्यांपर्यंत गार —
बोटं वळत नाहीत. पेन सोडलं तरी अक्षरं — ३६.८ — ३६.८ — नाही, हे मी लिहिणार, मी —
सखू, तुझ्या हातानं नाही. त्या दिवशी नऊनंतर मी बाळाला एकदाही हात लावला ना